‘छान’ या शेऱ्याचे काय करायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांनी एकमेकांचे निबंध तपासावेत, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख चांगला आहे. भाषा ओघवती आहे. लेखकांनी असेच लिहीत राहावे.

आता या शेऱ्यातून लेखकांना काय कळले? काहीच नाही. पण ‘आधी दोन कौतुके, मग एक सूचना’ हा मंत्र त्यांचाच. मी तो पाळला, इतकेच.

मी अठ्ठावीस वर्षे भाषा शिकवली. आठवीच्या वर्गात पहिल्यांदा वह्यांची अदलाबदल केली, तेव्हा मीही ‘मोकळेपणाने लिहा’ एवढेच सांगून मोकळी झाले होते. बहुतेक वह्या ‘छान’, ‘अक्षर सुंदर’ असे शेरे घेऊन परत आल्या. एका मुलाने मात्र लाल पेन आणले होते. शेजाऱ्याने आजोबांच्या शेवटच्या दिवसांवर लिहिले होते. ह्याने त्यातल्या प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला गोल केला आणि खाली लिहिले, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ सहीखाली दोन रेघासुद्धा, अगदी माझ्यासारख्या. शेजाऱ्याने ते पान फाडले. मी कोणाला रागावणार होते?

पुढच्या वेळी पेनबंदी केली. फक्त पेन्सिल, आणि काम एकच: वाचताना जिथे अडलात तिथे रेघ मारा आणि लिहिणाऱ्याला प्रश्न विचारा. सहलीच्या निबंधावर एका मुलीने लिहिले, ‘बस घाटात बंद पडली, मग पुढच्याच ओळीत तुम्ही घरी कसे?’ तो चिडला, ‘अगं, दुसरी बस आली ना!’ ती म्हणाली, ‘मग ती निबंधात का नाही आली?’ मी महिनाभर ‘मुद्देसूद लिहा’ म्हणून जे सांगत होते, ते या दोन वाक्यांत उरकले. वर तिने आपली वही परत मागून घेतली, कारण तिच्या निबंधातही एक काका न सांगताच उगवले होते. २००९ साली अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या परभाषिक विद्यार्थ्यांचा एक अभ्यास झाला. त्यातही नुसता अभिप्राय घेणाऱ्यांपेक्षा देणाऱ्यांचे लेखन अधिक सुधारलेले दिसले. लेखात या बाजूबद्दल अवाक्षर नाही.

उलट मुलांनी एकमेकांना दहापैकी गुणही द्यावेत, असे सुचवले आहे. धन्य! शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर शेरे आणि गुण यांचा परिणाम तपासून पाहिला होता. ज्यांना नुसता शेरा मिळाला ती सुधारली; शेऱ्याला गुण जोडले की शेऱ्याचा उपयोग संपला. बरोबरच आहे. सहा की सात हे कळल्यावर खालचे वाचतो कोण? त्यात मैत्रिणीला नऊ आणि भांडण झालेल्याला चार, हा हिशेब तर कुठल्याही वर्गात ठरलेला.

जाता जाता, लेखाच्या मथळ्यात ‘निंबध’ छापले आहे. त्याला मी गोल केला. लाल पेनाने. सवय जात नाही.

आपली,
एक निवृत्त भाषाशिक्षिका

ता. क. : माझ्या मागच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण गाळलात. जागेची अडचण मी समजू शकते. पण त्यामुळे ज्याला माझा विरोध होता त्याचीच मी पाठराखण केल्यासारखे झाले आणि दोघांनी फोन करून माझे अभिनंदन केले. या वेळी कापायचेच असेल, तर सुरुवातीचे कौतुक कापा.