नाकाचं ऑपरेशन करायच्या आधी एवढं तरी विचारा

संपादक साहेब,
नमस्कार. माझ्या भाचीने नाकाचं ऑपरेशन केलं, आठवडाभर नाकावर प्लास्टर, डोळ्यांखाली काळंनिळं, आणि प्लास्टर निघाल्यावर आरशात बघून रडायलाच लागली, कारण नाक आधीपेक्षा मोठं दिसत होतं. ती सूज असते आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं, हे तिला कुणी नीट बसवून सांगितलंच नव्हतं, याचा मला खरंच राग आला.

लोकांना वाटतं ऑपरेशन एकच असतं. तसं नाहीये. ओपन पद्धतीत दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर छोटा छेद घेतात, क्लोज्डमध्ये सगळे छेद आतून, आणि श्वासाचा त्रास असेल तर मधला वाकडा पडदा सरळ करायचं ऑपरेशन वेगळं, त्याने बाहेरचा आकार सहसा बदलत नाही. ऑपरेशनऐवजी फिलरचं, म्हणजे कातडीखाली जेल भरून आकार बदलायचं, इंजेक्शन मिळतं, पण ते काही महिन्यांनी विरघळतं, नाक लहान तर होतच नाही, आणि चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित नजरही जाते. म्हणून ते पार्लरमध्ये अजिबात घेऊ नका!

अजून एक, सेल्फीवरून नाक ठरवू नका. फोन 12 इंचावर धरला तर 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा नाक साधारण 30 टक्के रुंद दिसतं. भाचीने डॉक्टरांना सेल्फीच दाखवला होता.

आपली एक वाचक