कुत्र्याला घेऊन जायचं तर कुठे, एवढं तरी छापा

माननीय संपादक,

तुमच्या पुरवणीत दर पावसाळ्यात आणि दर थंडीत नाशिकजवळच्या फिरायच्या जागा येतात, आम्ही त्या कापून फ्रिजवर लावतो आणि त्यातल्या बऱ्याच जागी जाऊनही आलो. पण त्या माहितीत एक ओळ कधीच नसते, ती म्हणजे तिथे कुत्रं चालतं की नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या घरी चिंगी आहे, गावठी कुत्री, चार वर्षांची. पिल्लू असताना सोसायटीच्या गेटपाशी भिजत बसलेली तिला माझ्या मुलीने उचलून आणली. आम्ही चौघं आणि चिंगी असे जुन्या ईकोत बसून महिन्या दोन महिन्यातून एकदा बाहेर पडतो, टेंट, सतरंज्या, पाण्याचे दोन कॅन, शेगडी आणि डब्यात थालीपीठं. मुलगी सात वर्षांची आहे, घरी लाईट गेली तरी घाबरते, पण टेंटमध्ये चिंगीच्या पोटाला पाठ लावून बिनधास्त झोपते. आणि मुलगा, जो घरी मोबाईल सोडत नाही, तो तिथे तासभर पाण्यात दगड मारत बसतो, चिंगी प्रत्येक दगडामागे बघते आणि हा हसतो. मला यासाठीच जायचं असतं.

पहिली दोन वर्षं आम्ही भंडारदऱ्याला जायचो. घोटीवरून वळलं की कळसूबाई दिसायला लागतं, 1646 मीटरचं आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, मुलांना किती वेळा दाखवलं तरी कमीच. पण मग कळलं की त्या भागातला मोठा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि तिथे आपलं कुत्रं नेणं बरोबर नाही. आधी मला राग आला, खरं सांगते, चिंगी काय करणार आहे जंगलाला असं वाटलं. पण आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं, की कुत्र्यांचा डिस्टेंपर नावाचा आजार जंगली जनावरांनाही होतो, 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये तोच सापडला होता. शिवाय कुत्र्याचा नुसता वास आला तरी लहान जनावरं जागा सोडतात. तेव्हापासून भंडारदरा बंद. नांदूरमध्यमेश्वरलाही चिंगीला नेत नाही, ते तर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे जगात महत्त्वाचं म्हणून नोंदलेली पाणथळ जागा, थंडीत लांबून आलेले पक्षी तिथे उतरलेले असतात, एक कुत्रं काठाने पळालं की अख्खा थवा उठतो.

मग आता जातो कुठे, तर वैतरणेच्या बाजूला, ओळखीच्या एका शेतकरी दादांच्या रानात, विचारून आणि पैसे देऊन. तिथे पहिल्याच वेळी चिंगी सुटली आणि शेळ्यांच्या मागे लागली. चावली नाही कोणाला पण कळप उधळला, आणि राखणाऱ्या आजी धावत आल्या, "बाई, कुत्रं आवरा, शेळी गाभण हाये माझी." मी मान खाली घालून उभी होते. गाभण शेळी पळून पळून गाभडली तर त्या घराचं किती नुकसान होतं हे मला शहरात राहून माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून लांब दोरी घेतली आणि ती जेवताना, झोपताना, कधीच सुटत नाही. रात्री चिंगी टेंटच्या आत आणि चेन बंद, कारण दादांनी सांगितलंय, "ताई, बिबट्या माणसाकडं येत नाय लवकर, पण कुत्रं उचलून न्हेतो." नाशिककरांना बिबट्याचं वेगळं सांगायला नको.

अजून एक गोष्ट, जी मला वाटतं आपल्या जिल्ह्यात प्रत्येक कुत्रं पाळणाऱ्याला माहीत पाहिजे. मागच्या वर्षी मार्चमध्ये पिंपळगावच्या बाजूला नातेवाईकांच्या बागेत गेलो होतो, काढणी चालू, खाली घड पडलेले, आणि चिंगीने गपागप खाल्ले. मला गंमत वाटली, फोटोही काढला. संध्याकाळपासून उलट्या. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात हे मला डॉक्टरांच्या टेबलाशी उभं राहून कळलं, दोन दिवस सलाईन लावलं तेव्हा वाचली. कांदासुद्धा तसाच, कच्चा असो की भज्यातला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. म्हणजे बघा, आपल्या जिल्ह्याची द्राक्षं आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विष, आणि आपण धाब्यावर थांबलो की प्रेमाने पहिलं भजं त्यालाच टाकतो. आणि धाब्यावर उतरताना कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका हो, बाहेर 30 डिग्री असेल तर दहा मिनिटात आत 40 च्या आसपास होतं, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग गार करतं. पावसाळ्यानंतर परत आलं की कान आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, गोचीड तिथेच बसते आणि तिचा ताप वाईट.

माझं म्हणणं एवढंच आहे की आम्हाला सरसकट सगळीकडे परवानगी नकोय. जिथे नको तिथे नको असं स्पष्ट छापा, जिथे चालतं तिथे दोरी बांधून, घाण पिशवीत उचलून आम्ही राहू. आपल्याकडे इतके शेतकरी आता बागेत राहायची सोय करतायत, त्यांनीही बोर्डावर एक ओळ लिहिली तर फोनवर लपवाछपवी होणार नाही. कारण काही लोक कुत्र्याचं सांगतच नाहीत, जाऊन धडकतात, आणि मग पुढच्या वेळी आम्ही आधी विचारलं तरी नाहीच म्हणतात.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला कळवणकडे चणकापूर धरणाच्या परिसरात जायचंय. तिकडे कोणाच्या शेतात टेंट लावायला आणि बांधलेली कुत्री आणायला चालत असेल, किंवा चालत नसेल तरी, माहीत असलेल्या वाचकांनी याच सदरात कळवावं.

एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक