सिरियल नंबर विचारून घे

नागपूर,
२८ मे

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. लॅबमधली उपकरणं लॅनवर घेतोयस हे वाचून आनंद झाला, पण पोटात धस्सही झालं. म्हणून लगेच लिहायला बसलो. नवतपा पेटलाय, कूलरचं पाणी दुपारीच संपतं.

हिंगण्याच्या त्या वर्कशॉपात आपण रात्रभर मीटर वाचायचो, आठवतं? एकाने झोपायचं, दुसऱ्याने वहीत आकडे उतरवायचे. मग उपकरणं कॉम्प्युटरला जोडणारी जीपीआयबीची जाड केबल आली: कंट्रोलर धरून पंधरा उपकरणं, एकूण वीस मीटर लांबी, बस. आता साध्या नेटवर्कच्या वायरवर भागतं. पॉवर सप्लायच्या ५०२५ पोर्टवर सॉकेट उघडायचं, म्हणजे जोडणी करायची, स्किपी या उपकरणांना हुकूम द्यायच्या भाषेतली एक ओळ पाठवायची, उत्तर वाचायचं. १९९० सालची ही भाषा आजही चालते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण मागच्या आठवड्यात काय झालं ते ऐक. संध्याकाळी वादळ आलं, लाइन गेली. परत आल्यावर राउटरने दोन सप्लायना नेटवर्कवरचे पत्ते वाटले ते नेमके उलटे. माझ्या प्रोग्रॅममध्ये फक्त पत्ते लिहिलेले होते. पाच व्होल्टच्या सर्किट कार्डावर चोवीस व्होल्ट गेले. तेव्हा मी घरी आईजवळ बसलो होतो. सकाळी लॅबचं दार उघडलं आणि जळका वास आला. लॉगमध्ये एकही एरर नव्हती, कारण सप्लायने सांगितलं तेच केलं होतं. कार्ड गिऱ्हाइकाचं होतं. फार वाईट वाटलं रे.

तू राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाचा पत्ता त्याच्या मॅक क्रमांकाला, म्हणजे त्याच्या नेटवर्क हार्डवेअरच्या स्वतःच्या क्रमांकाला, बांधून टाक. तेवढ्यावर थांबू नकोस. आउटपुट चालू करण्याआधी दर वेळी 'स्टार आयडीएन', म्हणजे 'तू कोण?', विचार. उत्तरात कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि फर्मवेअर असे चार भाग येतात. नुसतं मॉडेल बघून चालत नाही. माझे दोन्ही सप्लाय एकाच मॉडेलचे होते. तिसरा भाग जुळला नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबला पाहिजे. ओव्हरव्होल्टेजची मर्यादा सप्लायच्या पॅनेलवरून हाताने लाव आणि प्रोग्रॅमला तिला हात लावू देऊ नकोस.

आणखी एक. त्या ५०२५ पोर्टला पासवर्ड नसतो. नेटवर्कवर जो पोहोचला, तो व्होल्टेज बदलू शकतो. ऑफिसच्या वायफायला जोडू नकोस, वेगळा स्विच घे. पायव्हिसा ही पायथनची लायब्ररी वापरलीस तर टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची वेळ, वाढव. आपोआप मिळतात ती दोनच सेकंदं, संथ रीडिंगला पुरत नाहीत.

गिऱ्हाइकाकडे मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दुसरं कार्ड दिलंय, आज रात्री ते चाचणीच्या चेंबरमध्ये लावतोय. पहिले दोन तास मी तिथेच बसणार आहे.

तुझा प्रोग्रॅम सुरू करण्याआधी मला पाठव, नीट वाचून कळवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मन्या