मनू, बरोबर तुझंच होतं

प्रिय मनू,

रविवारी तू फोनवर कोडं घातलंस: तीन दारं, एकामागं बक्षीस. मी एक दार निवडायचं, मग बक्षीस कुठं आहे ते ठाऊक असलेला माणूस उरलेल्या दोनांतलं एक रिकामं दार उघडणार. आता मी दार बदलावं का? तू म्हणालीस, बदलावं, आणि मी जरा चढ्या आवाजात बोललो. "दोन दारं उरली म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता, यात समजावण्यासारखं काय आहे?" असं म्हणून फोन सरळ तुझ्या आईच्या हातात दिला. आता सांगतो, बरोबर तुझं होतं. फोनवर हे कबूल करताना मी मध्येच विषय बदलला असता, म्हणून लिहून पाठवतोय.

त्या रात्री झोप लागेना. उठलो, कपाटातला पत्त्यांचा जोड काढला. बदामाचा एक्का, इस्पिकची दुर्री आणि किलवरची दुर्री बाजूला घेतली. आई जागीच होती, तिला समोर बसवलं. नियम तू सांगितलेस तेच. तीन पत्ते ती पालथे मांडणार, कुठला कुठं आहे ते तिला ठाऊक. मी एकावर बोट ठेवणार. उरलेल्या दोनांपैकी एक दुर्री ती उघडणार. मग हवं तर मी बोट दुसऱ्या पालथ्या पत्त्यावर नेऊ शकतो, आणि शेवटी बोटाखाली एक्का असला तर मी जिंकलो. मी बोट हलवायचंच नाही असं ठरवलं होतं, कारण माझ्या मते फरक पडणारच नव्हता. वहीत दोन रकाने आखले आणि सुरुवात केली.

विसाव्या डावाच्या आसपास आई म्हणाली, "अहो, तुमचं बोट दुर्रीवर असलं की मला निवड करायला काही उरतच नाही. दुसरी दुर्रीच उघडावी लागते. म्हणजे एक्का कुठं आहे ते मी तुम्हाला सांगतेच आहे की!"

मी काही वेळ तसाच बसलो. तू फोनवर अर्धा तास हेच सांगत होतीस, पण मी निवडणाऱ्याच्या खुर्चीतून बघत होतो. उघडणाऱ्याच्या खुर्चीतून ते विसाव्या डावात दिसतं. तिनातून एक पत्ता उचलताना माझं बोट दुर्रीवर पडण्याची शक्यता दोन तृतीयांश, आणि तसं झालं की बदलणारा जिंकतो. साठ डाव खेळलो. माझं बोट मुळात एक्क्यावर होतं एकोणीस वेळा. बदललं असतं तर एकेचाळीस वेळा जिंकलो असतो.

मग मला एक शंका आली आणि त्या शंकेचा मला थोडा अभिमान आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आईला म्हटलं, आता तूही न बघता मांड, आणि उरलेल्या दोनांतला कुठलाही एक डोळे मिटून उघड. कधी कधी एक्काच उघडा पडायचा, तो डाव रद्द. उरलेल्या डावांत टेबलावरचं चित्र अगदी पहिल्यासारखंच: एक उघडी दुर्री, दोन पालथे पत्ते. पण या खेळात बदलून काही फायदा नाही, खरोखरच निम्मी-निम्मी शक्यता. कागदावर मांडून बघ. मी एक्का उचलला तर तिची दुर्री निघणं ठरलेलंच. मी दुर्री उचलली तर निम्म्या वेळा तिच्या हातून एक्काच उघडतो आणि माझे बदलून जिंकण्याचे डाव रद्द होऊन जातात. म्हणजे माझं उत्तर चुकीचं नव्हतं, ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. (ही सारवासारव आहे असं तुला वाटेल. थोडी आहेही.)

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. व्हाउचरांच्या गठ्ठ्यातून मी मनाला येईल तिथून दहा काढली आणि ती स्वच्छ निघाली, तर त्याला काही अर्थ असतो. तिथल्या कारकुनानं आपणहून दहा काढून पुढं ठेवली आणि ती स्वच्छ निघाली, तर त्यावरून फार काही ठरत नाही. व्हाउचरं तीच. ती कोणी काढली आणि काढणाऱ्याला काय ठाऊक होतं, सगळा फरक तिथं. हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं, आणि तीन पत्त्यांत मला ते ओळखू आलं नाही.

तू म्हणालीस तशी माझी सोबत मात्र बरी आहे. १९९० मध्ये मॅरिलिन व्होस सॅव्हंट यांनी 'परेड' मासिकातल्या आपल्या सदरात हे उत्तर दिलं तेव्हा सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेक त्यांना चूक ठरवणारी, आणि त्यांतल्या जवळपास हजार पत्रांवर लिहिणाऱ्यांनी नावापुढं डॉक्टरेट लावलेली. पॉल एर्डॉशसारख्या गणितज्ञालाही आधी पटलं नव्हतं. संगणकावर तो खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखवला तेव्हा त्यांनी ते मान्य केलं. मला संगणकाच्या जागी तुझी आई लागली.

पण पटणं ही एकच गोष्ट नाही, हे मला आता जाणवतंय. पत्त्यांचं मला आतून पटलं. दोरीचं अजून नाही. तू कॉलेजात असताना विचारलं होतंस: पृथ्वीच्या विषुववृत्ताला घट्ट दोरी बांधली, चाळीस हजार किलोमीटरची, आणि तिच्यात फक्त एक मीटर वाढवला, तर ती सगळीकडं सारखी किती वर उचलली जाईल? मी म्हटलं होतं, केसाएवढीही नाही. उत्तर सोळा सेंटिमीटर. मांजर खालून जाईल. परीघ म्हणजे दोन गुणिले π (पाय, सुमारे ३.१४) गुणिले त्रिज्या, म्हणून परीघ एक मीटरनं वाढला की त्रिज्या एक भागिले २π मीटरनं वाढणार, गोळा पृथ्वीएवढा असो की चेंडूएवढा. दोन ओळींचा हिशेब, मी स्वतः केलेला. सही करायला तयार आहे. तरी डोळे मिटले की मला ती दोरी जमिनीला चिकटलेलीच दिसते. तेवीस माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हेही तसंच होतं, पण २५३ जोड्या मोजल्यावर ते सुटलं. आपण नकळत फक्त आपल्या वाढदिवसाची जोडी शोधत असतो. दोरीला अशी किल्ली मला अजून सापडलेली नाही.

१८७७ मध्ये गेऑर्ग कँटर या गणितज्ञाला सिद्धता सापडली की चौरसात जितके बिंदू तितकेच त्याच्या एका बाजूवर. डेडेकिंड या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या जर्मन पत्रात त्यानं मध्येच फ्रेंचमध्ये लिहिलं, "मला दिसतंय, पण माझा विश्वास बसत नाही." सिद्धता त्याची स्वतःची! मग माझ्या दोरीचं मी फार मनावर घेत नाही.

मात्र एक ऐकून घे, तुझ्या वयाला उलटा रोग लागतो. विचित्र आहे म्हणजे खोल असणार, असं काही नसतं. विचित्र वाटणाऱ्या बहुतेक गोष्टी चुकीच्याच असतात, आणि अडून बसणारा माणूस त्यासाठीच हवा. फक्त त्यानं नीट अडावं. १८१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढं फ्रेनेल या भौतिकशास्त्रज्ञानं प्रकाश म्हणजे लहर असा निबंध ठेवला. परीक्षकांत पॉयसाँ हा गणितज्ञ होता आणि त्याला ते मुळीच मान्य नव्हतं. त्यानं फ्रेनेलचंच गणित पुढं नेलं आणि दाखवलं की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. त्याच्या लेखी हा मूर्खपणाचा पुरावा होता. परीक्षकांतल्याच आरागोनं प्रयोग करून बघितला. ठिपका होता! आज तो ठिपका पॉयसाँच्याच नावानं ओळखला जातो. पॉयसाँ चुकला, पण भांडण जिथं निकाली निघेल त्या जागेपर्यंत त्यानं ते स्वतः नेलं. मी काय केलं? फोन आईकडं दिला.

आणि ही काही पहिली वेळ नव्हती. तू सातवीत असताना चौकटीची वही घेऊन आली होतीस. एक भागिले तीन म्हणजे ०.३३३..., त्याची तिप्पट ०.९९९..., पण तिप्पट तर एक यायला हवी. "बाबा, उरलेलं थोडंसं कुठं गेलं?" मी समोरच्या कागदातून मान वर न करता म्हणालो, "राउंड ऑफ झालं." आमच्या धंद्यात किरकोळ फरक त्याच खात्यात टाकतात. तू पानाच्या कडेपर्यंत नऊ लिहीत गेलीस आणि म्हणालीस, "अजून पोचले नाही." मी तुला झोपायला पाठवलं.

ते उत्तर चूक होतं. काहीही राउंड ऑफ होत नाही, तिथं उरलेलंच काही नाही. उरलंय म्हणतेस तर किती ते सांग. एक दशलक्षांश? मग सातव्या नवानंतरच फरक त्याहून कमी झालेला आहे. तू कितीही लहान संख्या सांग, पुरेसे नऊ झाल्यावर फरक तिच्याखाली जातो, आणि पुढचे नऊ अजून आहेतच. ज्याला शून्याखेरीज कुठलंच माप बसत नाही तो फरक शून्यच. घोटाळा त्या तीन टिंबांत आहे. कोणीतरी अजून नऊ लिहीत बसलंय असं आपल्याला वाटतं, तसं तूच त्या रात्री बसली होतीस. पण टिंबांचा अर्थ सगळे नऊ लिहून झालेत असा आहे. संख्या कुठं पोचायला निघालेली नसते, ती आपल्या जागी असते. हे तुला आता माझ्यापेक्षा चांगलं येतं, ठाऊक आहे. तरी माझ्याकडून राहिलेलं होतं ते दिलं.

बदामाचा एक्का अजून टेबलावरच आहे, आईची कुरकूर चालू आहे. आता चार पत्त्यांचा डाव मांडतोय: एक एक्का, तीन दुर्र्या, आई एकच दुर्री उघडणार, मग मी उरलेल्या दोनांतल्या एकावर बोट नेणार. न बदलता एक चतुर्थांश, बदलून तीन अष्टमांश, असं माझं उत्तर येतं. तपासून बघ आणि रविवारी फोन कर. चुकलं असेल तर सांग, या वेळी फोन माझ्याच हातात राहील.

तुझा,
बाबा