काढलेला कोच घ्यावा का? माळ्याला विचारा

जुलै 2025

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदासाठी खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्टेफान टारकोविच अशी तीन नावं निवडल्याची बातमी आली. लगेच आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी विचारलं, ‘दुसऱ्यांनी हाकललेली माणसं आपण कशाला उचलायची?’ प्रश्न वरवर रास्त आहे. पण अर्ज 170 आले होते म्हणतात. आणि फिफाच्या क्रमवारीत आपण जगात 133वे आहोत. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय असा माणूस आपल्या दारात का येईल? येणार तो कुठून तरी सुटलेला, सोडवलेला किंवा काढलेलाच येणार. तेव्हा काढलेला घ्यावा का, हा वाद मला फुकाचा वाटतो. काढलेल्यातला कुठला घ्यायचा, एवढंच आपल्या हातात उरतं.

यात बोलायचा मला थोडा अधिकार आहे, कारण एका कोचला काढण्याच्या पापात मी स्वतः सामील होतो.

साल 1987. मी तेव्हा बँकेत क्लार्क आणि बँकेच्या फुटबॉल संघात लेफ्ट बॅक. त्या वर्षी कप्तानही मीच. पावसाळ्यात ओळीने चार सामने हरलो आणि ड्रेसिंगच्या तंबूत आमची खलबतं सुरू झाली. सर जुन्या वळणाचे, सर फार पळवतात, सर खेळायला न्यायच्या आधी नखं कापलीत का ते बघतात. क्रीडा सचिवांना अर्ज गेला. त्यावर पहिली सही माझी. आठवड्याभरात सरांना नारळ मिळाला.

सर सामान परत करायला आले तो दिवस मला अजून दिसतो. जाळीत बारा चेंडू असायला हवे होते, निघाले अकरा. सरांनी ते तंबूपुढच्या चिखलात एकेक ठेवून दोनदा मोजले. मग खिशातून पाकीट काढून बाराव्याचे पैसे टेबलावर ठेवले. बारावा चेंडू आमच्यातल्याच एकाने घरी भावासाठी नेला होता. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. मीही नाही.

पंधरा दिवसांत दुसऱ्या एका कंपनीच्या संघाने त्यांना घेतलं. तो संघ आमच्याहून खाली, गटाच्या तळाला. त्यांचा सचिव चौकशीला आमच्या मैदानावर आला होता, पण तो ना आमच्या साहेबांना भेटला ना मला. चुन्याने रेषा आखणाऱ्या माळ्याजवळ उकिडवा बसला आणि दोघांनी बिडी ओढली. माळी काय म्हणाला ते त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं : ‘मी म्हटलं, हे सर यायचे म्हणून मला पण सहाला यायला लागायचं. आता साडेसातला आलो तरी चालतं.’

त्या सचिवाला तेवढं पुरलं. तो संघ काही अजिंक्य वगैरे झाला नाही, गटात टिकला एवढंच. आम्ही मात्र नवा कोच आणूनही खाली घसरलो. आमचं दुखणं साधं होतं. आठवड्यातून दोनच संध्याकाळी बँक आम्हाला सरावासाठी लवकर सोडायची, आणि त्यातही निम्मे कॅरम खेळायला थांबायचे.

तेव्हापासून कुणाला काढल्याचं वाचलं की मी एकच गोष्ट बघतो. तो गेल्यावर मागे राहिलेल्या संघाचं काय झालं? सुधारला, तर काढणारे शहाणे. बुडाला, तर काढलेला माणूस उचलून आणायला हरकत नाही.

हीच फूटपट्टी सध्याच्या नावांना लावून बघा. टारकोविच यांना स्लोव्हाकियाने जून 2022 मध्ये काढलं, कझाकस्तानकडून घरच्या मैदानावर हरल्यावर. त्यांच्या जागी इटलीचे कालझोना आले. तोच स्लोव्हाकिया 2024च्या युरो स्पर्धेला पात्र ठरला, तिथे बेल्जियमला हरवलं आणि बाद फेरीत इंग्लंडला जादा वेळेपर्यंत खेचलं. काढणारे चुकले असं म्हणायला जागा नाही.

कॉन्स्टंटाइन यांच्याबद्दल माझ्या मनात माया आहे, हे आधीच सांगतो. 2015 मध्ये ते दुसऱ्यांदा आले तेव्हा आपण 170च्या पलीकडे होतो आणि 2017च्या जुलैत 96 वर पोचलो. 2019च्या आशियाई चषकात थायलंडला 4-1 हरवलं त्या संध्याकाळी मी सोसायटीत पेढे वाटले होते. शेजारच्या वहिनींनी विचारलं, नातू झाला का? पुढे बहरीनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. पण नंतरचं काय? 2022-23 मध्ये कोलकात्याचा ईस्ट बंगाल क्लब त्यांच्या हाताखाली नववा आला. ते गेले, कार्लेस क्वाद्रात आले, आणि तोच क्लब त्याच वर्षी ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत गेला, जानेवारी 2024 मध्ये सुपर कप जिंकला. पाकिस्तानला कॉन्स्टंटाइन यांनी विश्वचषक पात्रता फेरीतला पहिलावहिला विजय मिळवून दिला, ते खरं. त्यापुढच्या फेरीतले सहाच्या सहा सामने पाकिस्तान हरला, तेही खरं.

आता खालिद. मुंबईकर म्हणून माझा कल तिकडे असणार असं कोणी म्हणेल, तर म्हणू द्या. महिंद्रा युनायटेडच्या काळापासून मी या माणसाला खेळताना पाहिलंय. दुखापतींनी खेळ अर्ध्यावर राहिला आणि 2009 मध्ये बत्तिशीतच ते मुंबई एफसीचे कोच झाले. मुंबईचं कूपरेज मैदान दुरुस्तीला निघालं होतं तेव्हा घरचे सामने बालेवाडीत व्हायचे, मुंबईच्या क्लबचा घरचा सामना पुण्यात! कूपरेज परत उघडल्यावर मी डोंबिवलीहून दुपारची लोकल पकडून जायचो. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी, आणि दरवर्षी आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च साखळीतून खाली घसरायची टांगती तलवार. दरवर्षी तो संघ कसाबसा वाचायचा. बघायला मजा यायची असं मी म्हणणार नाही. दहा जण मागे आणि चेंडू मिळाला की भिरकाव पुढे. माझ्या शेजारचे एक पारशी काका हाफ टाइमला उठून जायचे ते परत यायचे नाहीत. पण खाली घसरला नाही तो संघ, एकदाही नाही.

सात हंगामांनंतर, 2016 मध्ये, क्लबची आणि खालिद यांची फारकत झाली. त्यांना घेतलं कोणी, तर आयझॉलने. मिझोरामचा हा क्लब आधीच्या हंगामात आय-लीगमधून खाली गेला होता, गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळे त्याला परत जागा मिळाली. म्हणजे आपल्या चर्चेतला अगदी तोच प्रसंग, गटांगळ्या खाणारा संघ आणि नुकताच मोकळा झालेला कोच. खालिद यांच्यामागोमाग आशुतोष मेहता आणि जयेश राणे ही मुंबईची पोरंही तिकडे गेली. 22 एप्रिल 2017ला आयझॉलने डोंगरातल्या त्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं, शेवटच्या काही मिनिटांत, डोक्याने मारलेल्या गोलवर. आठवड्याने शिलाँगमध्ये बरोबरी साधली आणि बागानहून एक गुण जास्त घेऊन आय-लीग जिंकली. ईशान्य भारतात हा मान पहिल्यांदाच गेला.

आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात शेवटची आली, खाली घसरली. पुन्हा काही आपल्याला ती दिसली नाही. माझी कूपरेजची लोकल तिथेच बंद झाली.

हा एकच दाखला असता तर मी योगायोग म्हटलं असतं. पण जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नुस यांना काढून खालिद यांच्याकडे हंगामी सूत्रं दिली, तो संघ साखळीत पुढे हरलाच नाही आणि उपांत्य फेरीत गेला. पुढचं वर्ष वाईट गेलं, अकरात दहावे, हे लपवण्यात अर्थ नाही. ते तिथून बाहेर पडले आणि त्यानंतरच्या हंगामात नॉर्थईस्टला वीस सामन्यांत एक विजय मिळाला. डिसेंबर 2023 मध्ये जमशेदपूरने स्कॉट कूपर यांना हटवून खालिद यांना आणलं, आणि यंदा तो क्लब आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत होता. अंतिम फेरीत गोव्याने 3-0 धुतलं. गोव्याचे कोच कोण, तर मानोलो मार्केझ, तेच जे त्याच वेळी भारताचेही कोच होते! एका माणसाला दोन चुलींवर पोळ्या लाटायला बसवायचं आणि एकीकडच्या करपल्या की आश्चर्य करायचं. भारताकडच्या आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर.

कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही मोठ्या क्लबांत खालिद फार टिकले नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. तिथे प्रेक्षकांना जिंकणं पुरत नाही, सुंदर जिंकावं लागतं. हा माणूस गरिबाघरचा स्वयंपाकी आहे. चार माणसांच्या डाळीत आठ जेवतील, पण पंगतीला बासुंदी मागू नका. आज भारतीय संघाच्या घरात काय आहे ते आपण सगळे जाणतो. चाळिशीत आलेल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. बांगलादेशशी 0-0, हाँगकाँगशी भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर 0-1, आणि आशियाई चषक पात्रतेच्या गटात आपण तळाला. डाळच आहे. मग डाळ रांधणारा आणा.

आमच्या फूटपट्टीतली खोट मीच सांगतो. माणूस नुकताच काढलेला असेल तर मागच्या संघाचं काय होतं ते बघायला वेळच मिळत नाही. इगोर श्टिमाच यांना क्रोएशियाने 2013च्या ऑक्टोबरात काढलं आणि पुढच्याच महिन्यात नव्या कोचने संघ विश्वचषकाला नेला. आपण श्टिमाच यांना घेतलं 2019 मध्ये, म्हणजे बघायला साडेपाच वर्षं होती, तरी बघितलं नाही. 2023 मध्ये त्यांनी बंगळुरूत दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकून दिला, आपण 99 वर गेलो, हे नाकारत नाही. पण सहा महिन्यांत आशियाई चषकात तीन सामने, शून्य गोल. आणि शेवटी त्यांना काढायला महासंघाला चार लाख डॉलर मोजावे लागले. आमच्या सरांनी बाराव्या चेंडूचे पैसे स्वतःच्या पाकिटातून दिले होते, त्याची इथे उगाच आठवण झाली.

तेव्हा खालिद यांना घ्या, असं माझं मत आहे. 2012 मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा गेल्यापासून कायमच्या कोचच्या खुर्चीत भारतीय माणूस बसलेला नाही, हा मुद्दा मी मुद्दामच आधी काढला नाही. तो अभिमानाचा आहे, आणि अभिमानाने गोल होत नाहीत. घेताना मात्र त्यांना एकच चूल द्या. आयएसएल होणार की नाही याचाच यंदा पत्ता नाही, आयोजकांनी 11 जुलैला हंगाम थांबवून ठेवलाय. मग निदान सरावाची शिबिरं लांबवा, क्लबांनी खेळाडू सोडण्यावरून दरवेळी चालणारी ओढाताण यंदा तरी नको. आमच्या बँकेसारखं दोन संध्याकाळी सोडून कोचला दोष देऊ नका.

निवड येत्या काही दिवसांत होईल. 9 ऑक्टोबरला सिंगापुरात सामना आहे, म्हणजे हातात दोन-सव्वादोन महिने.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)
जुलै 2025