ओढा, नाला की पावसाळी गटार? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

मी पुण्यात नकाशे काढायचं काम करतो. आमच्या सोसायटीमागच्या ओढ्यात कोणीतरी राडारोड्याचे डंपर रिकामे केले, म्हणून अर्ज केला. एका कार्यालयानं कळवलं, सदर जागी नाला दर्शविलेला नाही. दुसऱ्यानं कळवलं, ती पावसाळी गटार असून आमच्याकडे हस्तांतरित नाही. तिसऱ्याच्या दप्तरी ते खासगी मिळकतीतलं पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, क्षेत्र. तिघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होते, हीच पंचाईत.

मग मी तिन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. गाव नकाशावर ओढ्याच्या दोन रेषा आहेत, आणि टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीत, त्याचं माप साखळी-आण्यांत : 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. विकास आराखड्यात एकच निळी रेघ, रुंदीचा पत्ता नाही. ड्रेनेजच्या नकाशात तिथं पाइप, व्यास मिलिमीटरमध्ये. रुंदी विचारली तर कुठली सांगायची? तळाची, काठापासून काठापर्यंतची, की पुरात पाणी पसरतं ती? काठापासून किती मीटर सोडून बांधायचं यावर आपल्याकडे मोठे वाद होतात, पण काठ कुठला हेच ठरलेलं नसतं.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, भिंती पडल्या. त्याला केवळ शब्दांचा घोळ कारणीभूत होता असं मी म्हणणार नाही. अतिक्रमणं होती, पाऊसही तसाच होता. पण कात्रजपासून मुठेपर्यंतचं ते पाणी एकच आहे, असं सगळ्या खात्यांच्या कागदांवर दिसायला हवं की नको?

2020 मध्ये शासनानं मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. चांगलं काम झालं. त्यात व्याख्याही आहेत, पण त्या बांधकाम परवानगीपुरत्या. महसूल, जलसंपदा, आपत्ती व्यवस्थापन यांचे शब्द आपापल्या जागी तसेच राहिले.

संगणकवाले ज्याला ऑन्टोलॉजी म्हणतात, ती इथं हवी आहे. नाव जड आहे, काम साधं. शब्दकोश 'ओढा म्हणजे काय' एवढंच सांगतो. ही त्याचं नातंगोतंही नोंदवते : कुठून निघतो, कशाला मिळतो, कुठल्या गट नंबरांतून जातो, कुठं पाइपात शिरतो, रुंदी कुठून मोजायची, साफसफाई कोणाची. प्रत्येक खात्यानं आपला शब्द खुशाल ठेवावा, फक्त तो या सामाईक नोंदीला बांधलेला असावा. इमारती आणि शहरांच्या त्रिमितीय नकाशांसाठी 'सिटीजीएमएल' हे आंतरराष्ट्रीय मानक 2008 पासून आहे. जमिनीच्या तुकड्यांसाठी केंद्राचा 14 अंकी भू-आधार आहे. ओढ्याला मात्र नंबर नाही.

नवं पोर्टल नको, कृपा करून. एक ओढा घ्या, आंबिलच घ्या. भूमी अभिलेख, जलसंपदा, महापालिकेचा बांधकाम विभाग आणि ड्रेनेजवाले यांना उगमापासून संगमापर्यंत चालायला लावा, आणि प्रत्येक कल्व्हर्टपाशी, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीपाशी, याला आपण काय म्हणतो ते एकाच वहीत लिहून घ्या. त्या वहीवरून शासन निर्णय काढा, जो चारही खात्यांना लागू असेल.

राडारोडा अजून तिथंच आहे.

आपला,
पुण्यातला एक नकाशेवाला