केसपेपरच्या मागचं गणित

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सिव्हिलच्या त्या गर्दीत रोज कितीतरी आया येतात, त्यातली आमची आई तुम्हाला आठवेल का, सांगता येत नाही. पण तो स्टीलचा पेला कदाचित आठवेल. केसपेपर, रिपोर्ट आणि घरून आणलेला स्वतःचा पेला, एवढं घेऊन ती तुमच्यासमोर बसली होती. तुम्ही विचारलंत, "मावशी, हा पेला कशाला?" ती खाली बघत म्हणाली, "माझं उष्टं कुनाला लागू नाही म्हनून."

त्याआधी दीड महिना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिचं रक्त तपासलं होतं. हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूच्या तपासणीपुढे 'रिॲक्टिव्ह' आलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. गावात 'पांढरी कावीळ' हा शब्द फिरला. कुणी काविळीची माळ आणून दिली, कुणी झाडपाल्याच्या औषधवाल्याचा पत्ता. आईने एका शब्दाने कुणाला काही न म्हणता आपलं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं काढलं. नातवाला जवळ घेणं बंद केलं. माझा चार वर्षांचा मुलगा तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहून विचारायचा, "आज्जी, मी काय केलं?" हे लिहिताना आजही हात थांबतो.

एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, तर चिठ्ठीवर तपासण्यांची रांग. विषाणूचा जिनोटाइप म्हणजे प्रकार, लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन, एंडोस्कोपी आणि आणखी बरंच काही. ते सगळं पुण्याला जाऊन करा, तिथल्या तज्ज्ञांना दाखवा, मग औषधाचं बघू, असं सांगितलं. वडील रात्रभर जागे होते. आमच्या भावकीतल्या एका काकांचे याच आजारातले २०१० सालचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन, जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या, प्रत्येक इंजेक्शननंतर ताप आणि अंगदुखी, रक्त कमी होत चाललेलं. वर्षभराचा तो कोर्स काकांनी सातव्या महिन्यात सोडला. तोवर दोन एकर गेले होते.

आमच्या आशाताईंनी वाट दाखवली. "सिव्हिलला फुकट औषध मिळतं, २०१८ पासून सरकारचा कार्यक्रम आहे," एवढंच त्या म्हणाल्या. खरं सांगते, मला विश्वास नव्हता. जे पुण्याशिवाय होत नाही, ते आपल्या जिल्ह्यात कसं होईल?

तुम्ही आधी 'रिॲक्टिव्ह' या शब्दाचा अर्थ सांगितलात. विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच ही तपासणी सांगते. काहींचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत त्याला आपणहून घालवतं, आणि तो आत्ता आहे की नाही हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं मोजमापच सांगतं. दीड महिना आम्ही ज्या शब्दाखाली दबलो होतो, तो तुम्ही दोन मिनिटांत उलगडलात. नमुना तिथेच घेतलात. रिपोर्ट आला तेव्हा विषाणू होताच, पण तोपर्यंत आमची भीती निम्मी झाली होती.

आणि मग ते गणित. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तुम्ही केसपेपर उलटा करून पेन माझ्या हातात दिलंत. "गणिताच्या बाई ना तुम्ही? मग तुम्हीच करा." एसजीओटी आणि एसजीपीटी हे रक्त तपासून मिळणारे लिव्हरचे दोन आकडे. वर आईचं वय ५४ गुणिले एसजीओटी ४६. खाली प्लेटलेट, हजारांत मोजून २३०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. एसजीपीटी ६४, म्हणजे वर्गमूळ आठ. २४८४ भागिले १८४०. उत्तर १.३५. तुम्ही म्हणालात, हे ३.२५च्या वर गेलं असतं तर लिव्हर कडक झालंय, सिरॉसिस आहे असं धरून आपण वेगळ्या वाटेने गेलो असतो. मावशींना त्याची गरज नाही. वर्गमूळ मी सातवी-आठवीच्या मुलांना शिकवते. वय आणि तालुक्याच्या साध्या लॅबमधले तीन आकडे यांवरून आईच्या लिव्हरचा अंदाज बांधता येतो, हे त्या दिवशी समजलं आणि त्या कागदाकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले.

जिनोटाइपचं मी भीत भीतच विचारलं. तुम्ही वैतागला नाहीत. इंजेक्शनांच्या काळात उपचार किती महिने द्यायचा हे विषाणूच्या प्रकारावर ठरायचं, म्हणून तो शोधावा लागायचा. आता सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या वेगवेगळ्या प्रकारांवर चालतात. मग तो शोधण्यात मावशींचे दिवस आणि पैसे कशाला घालवायचे, असं तुम्ही म्हणालात. पंजाबात २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांनीच हजारो लोकांवर असे उपचार केले आणि शंभरातले नव्वदहून जास्त बरे झाले, हेही सांगितलंत. कुठल्या तपासणीची गरज नाही हे ठामपणे सांगायला जास्त अभ्यास लागतो, असं मला तेव्हापासून वाटतं. तुम्ही न लिहिलेल्या प्रत्येक तपासणीसाठी मी तुमचे आभार मानते.

जे लागतं त्यात मात्र तुम्ही काहीच सोडलं नाहीत. हिपॅटायटिस बीची तपासणी आधी केलीत, कारण या गोळ्या चालू असताना दबलेला बीचा विषाणू उसळू शकतो. एचआयव्ही, किडनीसाठी क्रिएटिनिन, एक सोनोग्राफी. आणि "घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा" हे. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडारोन किंवा फिटच्या काही गोळ्या यांच्यासोबत चालत नाहीत, म्हणून तुम्ही पिशवीतली एकेक पट्टी वाचलीत. आईच्या पिशवीत बीपीची गोळी आणि झाडपाल्याची पुडी निघाली. गोळी ठेवलीत, पुडी बंद करायला लावलीत.

एक गोष्ट तुमच्याजवळ बोलायची राहून गेली होती. १९९१ साली माझ्या जन्मानंतर आईला खूप रक्तस्राव झाला होता, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. रक्तपेढ्यांमध्ये हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१मध्ये. हे कळल्यापासून माझ्या मनात एकच होतं, की माझ्यामुळे झालं. मी बोलले नाही, पण तुम्हाला ते दिसलं असावं. त्या काळी न उकळलेल्या सुईनेही हा विषाणू पसरायचा, कुठून आला हे आज कुणीच सांगू शकणार नाही, असं तुम्ही आईला सांगितलंत. आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "त्या रक्ताने तुमची आई वाचली." माझ्यानंतर जन्मलेल्या भावाचीही तपासणी करून घेतलीत, कारण आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा असतं. तो निगेटिव्ह आला.

मग पेल्याचं. जेवणातून, पाण्यातून, जवळ घेतल्याने हा आजार पसरत नाही. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. आईने दोनदा विचारून खात्री केली आणि म्हणाली, "मंग माझं ताट मांडनीत ठिऊ का परत?" तुम्ही हसलात, पण तुमचे डोळे भरले होते. मी पाहिलं.

अठ्ठावीस दिवसांची एक बाटली, अशा तीन. चौऱ्याऐंशी दिवस. रोज सकाळी चहानंतर गोळ्या घेतल्या की आई कॅलेंडरवर फुली मारायची, आणि एकही फुली चुकली नाही. औषधाच्या खिडकीतले दादा रिकामी बाटली हातात घेऊन बघायचे आणि मगच पुढची द्यायचे, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. औषधाला एक रुपया लागला नाही. लागलं ते एसटीचं भाडं आणि वडिलांच्या बुडालेल्या मजुरीचे काही दिवस. निदान दुसरी-तिसरी बाटली तरी आमच्या ग्रामीण रुग्णालयात मिळाली असती, तर तेही वाचलं असतं. ही मागणी मी योग्य ठिकाणी लेखी दिली आहे, तुम्हीही पाठिंबा द्यावा ही विनंती.

गोळ्या संपल्या तेव्हा आम्ही पेढे घेऊन आलो, तर तुम्ही पेढे घेतले नाहीत. "बारा आठवड्यांनी रक्त तपासू, तेव्हा खाईन." ते बारा आठवडे गोळ्यांच्या चौऱ्याऐंशी दिवसांपेक्षा लांब वाटले. रिपोर्टवर विषाणू आढळला नाही असं लिहिलं होतं. तुम्ही अर्धा पेढा खाल्लात, अर्धा आईच्या तोंडात घातलात, त्याच हाताने.

त्या दिवशी तुम्ही आणखी एक काम केलंत, ज्याचं मोल नंतर कळलं. केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत की उपचार पूर्ण झाले आहेत, विषाणू नाही, आणि अँटिबॉडीची, म्हणजे ती पहिली रक्ततपासणी यापुढेही रिॲक्टिव्हच येईल. मागच्या महिन्यात ऑपरेशनच्या वेळी तसंच झालं. 'रिॲक्टिव्ह' बघून नर्सताई थबकल्या. आईने पिशवीतून तो कागद काढला आणि माझ्याआधी स्वतःच पुढे केला. डॉक्टरांनी वाचला, मान डोलावली आणि तिला आत नेलं.

पट्टी निघाली त्या संध्याकाळी तिने नातवाला मांडीवर घेऊन एकाच ताटात वरणभात कालवला. कुरडया आणि शेंगदाण्याची चटणी तिने तुमच्यासाठी बांधून ठेवली आहे. पुढच्या सोमवारी घेऊन येते आहे. पेला आणणार नाही.

आपली,
एका मावशींची मुलगी